नाव कुठं बसवायचं

सहृदय हा शब्द आपल्या काव्यशास्त्राने मोठ्या आदराने घडविला आहे. कवी काव्य रचतो. पण ते पूर्णत्वास जाते दुसऱ्या कोणाच्या तरी अंतःकरणात, आणि ज्याच्या अंतःकरणात ते पूर्ण होते तो सहृदय. या शब्दाचे कौतुक आम्ही शिक्षकांनी वर्गावर्गांतून पुष्कळ केले. एक गोष्ट मात्र आम्ही विद्यार्थ्यांना सांगितली नाही, कारण ती आम्हांलाही ठाऊक नव्हती. ज्या मनाला खरा शब्द ओळखता येऊ लागतो, त्या मनाला खोटा शब्द उच्चारणे दिवसेंदिवस जड होत जाते. पंडिताला हे परवडते. त्याचे पोट टीकेवर चालते. पण ज्याची गावातली पत, ज्याची ओळखच मुळी उसन्या शब्दांवर उभी आहे, त्याला ही विद्या सोसेलच असे नाही. मी एका माणसाला ती शिकविली. त्याचे काय झाले, ते मला लिहून ठेवले पाहिजे.

हनुमंत रखमाजी कोळपे हा कवठे येमाईचा. त्याच्या आज्यापर्यंत घरात मेंढरे होती. वडिलांनी, रखमाजींनी, ती विकून नदीच्या अंगाला तीन एकर जमीन धरली आणि घराणे एका जागी बसले. मेंढरे गेली, पण माळाच्या दुसऱ्या टोकावरून कळप परतविणारा आवाज तेवढा घरात उरला, आणि तो हनुमंताच्या वाट्याला आला. बारावीनंतर तो सणसवाडीला एका कंपनीत ठेकेदाराच्या माणसांत लागला. भाड्याची खोली, परप्रांतीय सोबती, आठ तासांची पाळी आणि गुरुवारची सुट्टी. एके वर्षी कंपनीतल्या पूजेला बोलाविलेला निवेदक आला नाही. कुणीतरी माईक हनुमंताच्या हाती दिला. त्या दिवसापासून तो शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत निवेदक म्हणून ओळखला जाऊ लागला.

आमच्या भागात निवेदकाला लग्नापेक्षा दशक्रियेला अधिक मान असतो. माणूस गेल्याच्या दहाव्या दिवशी सकाळी नदीच्या घाटावर पंचक्रोशी जमते. प्रवचन होते, पिंड मांडले जातात, आणि कावळ्याची वाट पाहत असतानाच ध्वनिक्षेपकावरून श्रद्धांजलीची भाषणे सुरू होतात. सोसायटीचे चेअरमन, कारखान्याचे संचालक, पुढच्या निवडणुकीला इच्छुक असलेले पुढारी. यांतले काही जण एकाच सकाळी तीन तीन घाट करतात. कोणाला आधी पुकारायचे, कोणाला मागे ठेवले तर राग येईल, दोन मिनिटांचे भाषण दहावर गेले की हलकेच कसे आवरायचे, हे सगळे निवेदकाचे कसब. आणि दोन भाषणांमधली पोकळी भरायची ती चारोळीने.

हनुमंताची एक चारोळी फार गाजली होती. तिच्याआधी तो गेलेल्याचे नाव घेई, क्षणभर थांबे, आणि मग तो माळावरचा आवाज सोडी:

फूल गळाले, वेल उभी ती,
वारा नुसता वाहत आहे;
दारी तुमची वाट अजूनी
दिवा एकला पाहत आहे.

ही त्याची स्वतःची, की कुठल्या निमंत्रणपत्रिकेवरून उचललेली, हे त्यालाही आठवत नव्हते. घोडनदीच्या घाटापासून भीमेच्या घाटापर्यंत ती त्याने किती जणांना वाहिली, त्याला गणती नाही. शेवटचा ‘आहे’ तो असा लांबवी की बायकांच्या घोळक्यातून हुंदका फुटल्यावाचून राहत नसे. हनुमंताने म्हटले की कावळा लगेच बसतो, अशीही त्याची ख्याती होती.

कवठ्यातच सोजराबाई राहत. त्यांचे यजमान हौसराव सोसायटीचे अनेक वर्षांचे चेअरमन. मोठी बागायत, मोठा शब्द, आणि पाय घरात क्वचित. दोन मुलगे होते. थोरला सत्यजीत कालव्यात बुडून गेला. चार वर्षांनी धाकटा इंद्रजीत नदीवरची मोटार चालू करताना विजेचा धक्का लागून गेला. दोघांच्याही दशक्रियेला निवेदक हनुमंतच होता.

इंद्रजीतच्या वेळी कार्यक्रम आटोपला, गाड्या धुरळा उडवीत गेल्या, आणि हनुमंत माईकची वायर कोपरावर गुंडाळत होता. सोजराबाई बायकांच्यातून उठून त्याच्यापाशी आल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हते, असे हनुमंताने मला पुढे सांगितले.

“हनुमंता, सत्यजीतच्या टायमालाबी ह्येच म्हणलं व्हतंस.”

“व्हय काकी,” तो म्हणाला. “तवा लई गाजलं व्हतं.”

“मंग माझा सत्यजीत आन् माझा इंद्रजीत येकच व्हते का रं?”

सोजराबाईंनी आवाज चढविला नाही.

“त्यो थोरला कुणी हाक मारली तरी निम्म्या ताटावरनं उठून जायचा. धाकटा सगळ्यांचं झाल्याबिगर हातच धूत न्हवता. तू दोघांनाबी फूल केलंस. बरं, केलंस तर केलंस. पर माझ्या टायमाला दुसऱ्याचं म्हणू नगंस. येवढं कर.”

“तसं कसं बोलता काकी…”

“व्हय म्हण.”

“व्हय,” हनुमंत म्हणाला.

पुढच्या गुरुवारी दुपारी तो शिरूरला माझ्या दारी आला. मी माध्यमिक शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवून निवृत्त झालो होतो. घरात पुस्तके होती, ऐकणारे कोणी नव्हते. त्याने हातातली वही पुढे केली. “सर, मला कविता पायजेत. पन्नासभर. म्हंजी परत्येकाला येगळी म्हणता यील.”

त्याची मागणी प्रामाणिक होती, आणि तिच्यातली चूकही प्रामाणिक होती. दुकानात निरनिराळ्या मापांचे सदरे असावेत आणि गिऱ्हाईक पाहून एकेक काढावा, तशा कविता असतात अशी त्याची समजूत. मी त्याला पन्नास दिल्या नाहीत. एक दिली. आठ ओळींची, साधी. गेलेल्या माणसाचे कपडे घडी करून ठेवणारी एक बाई तीत आहे. एका सदऱ्याचे बटण तुटलेले तिला दिसते, आणि ती घड्या बाजूला ठेवून सुईदोरा शोधू लागते. कविता तिथेच थांबते.

हनुमंताने ती घाटावरच्या आवाजात वाचली. माझ्या खिडकीची तावदाने थरथरली. मग त्याने कागद उलटून मागे पाहिले, पुन्हा पुढे पाहिले, आणि विचारले, “सर, यात नाव कुठं बसवायचं?”

मी हसलो नाही. इतकी वर्षे शिकवूनही मला कोणी असा नेमका प्रश्न विचारला नव्हता. मी म्हणालो, “हनुमंतराव, त्या बाईच्या जागी दुसरी बाई बसवून पाहा. त्या सदऱ्याच्या जागी दुसरा सदरा, तुटलेल्या बटणाऐवजी अखंड बटण. काय होते?”

“मोडतंय,” तो म्हणाला.

“आणि तुमच्या चारोळीत?”

त्याने ती मनातल्या मनात म्हणून पाहिली. “तिथं कुणीबी बसतंय,” तो शेवटी म्हणाला.

त्या दिवशी मी त्याला एवढेच सांगितले, की ही कविता हलक्या आवाजात वाचायची, माईक समोर नाही असे समजून. आणि जिथे ओळ संपते तिथे बोट उचलून थांबायचे. अर्थाच्या मागे धावायचे नाही. ओळ संपल्यानंतरची जी रिकामी जागा असते, तिच्यात काय येते ते पाहायचे. आठवडाभर दुसरे काही वाचायचे नाही.

पुढच्या गुरुवारी आला तो चप्पल काढता काढताच बोलू लागला. “सर, आधी मला वाटलं, त्या बाईला अजून कळलंच न्हाई, म्हणून ती बटण लावाया निघाली. पर तसं न्हाई. तिला कळलंय. तिच्या हातांना अजून कुणी सांगितलं न्हाई.”

मी माझ्या जागेवरून उठून आत गेलो आणि पाणी प्यालो. भाष्यकारांनी ज्यासाठी पानेच्या पाने खर्ची घातली असती, ते हा ठेकेदाराचा कामगार दाराशी उभा राहून एका वाक्यात सांगून गेला होता.

अशी पाच वर्षे गेली. पाळी बदलली, पाऊस आला, थंडी आली. गुरुवार सहसा चुकला नाही. तो फार वाचीत नसे. एका महिन्यात एक कविता, कधी दोन. संस्कृतातले एखादे सुभाषित मी पदे सोडवून सांगे. त्याला वृत्त चटकन कळे, कारण कान मुळातच तयार होता. पण त्याला ओढ लागे ती न बोललेल्याची. “इथं कवीनं दम धरलाय,” असे तो एखाद्या ओळीवर बोट ठेवून म्हणे. ध्वनी या नावाने आमच्या शास्त्राने ज्याची मीमांसा केली, त्याला हनुमंताने दिलेले हे नाव. मला ते पटले.

मग त्याने चारोळी सोडली. कोणी निवेदनाला बोलाविले की तो दशक्रियेच्या आधी चार दिवस त्या घरी जाऊन बसू लागला. गेलेली व्यक्ती कशी बोलत असे, जेवताना काय टाकीत असे, रागावली की काय करीत असे, हे विचारू लागला. लोक वैतागले. केडगावच्या एका घरात तर थोरल्या मुलाने त्याला तोंडावर विचारले, “श्रद्धांजली वाहायला आलाय का पंचनामा करायला?” एवढे करून हनुमंत घाटावर बोले ते दोनच वाक्ये. कधी कधी एकही नाही. नुसते नाव घेऊन थांबे. पुढाऱ्यांना ती शांतता अडचणीची वाटे. सुषमा, त्याची बायको, जिभेने तिखट होती. माझ्यासमोरच ती त्याला म्हणाली, “आधी येका कवितेत शंभर मयती निघत व्हत्या. आता येका मयतीला म्हयना लागतोय. सर, तुम्हीच सांगा, मेलेल्यानं तरी किती दिस थांबायचं?”

हनुमंत हसला. हसण्यासारखेच होते. पण बोलावणी कमी होत गेली, आणि याच सुमारास पृथ्वीराज नावाचा एक तरतरीत निवेदक पुढे आला. त्याच्या मोबाइलमध्ये प्रसंगवार चारोळ्या भरलेल्या होत्या, आणि त्यांत हनुमंताचीही होती.

या सगळ्या काळात हनुमंताच्या मनात एकच काम होते. सोजराबाईंना दिलेला शब्द. दर पंधरवड्याला तो त्यांच्या ओट्यावर जाऊन बसे. का येतो, हे दोघांनाही माहीत होते आणि दोघेही त्याविषयी बोलत नसत. एकदा मात्र त्या म्हणाल्या, “काय रं, झालं का तुझं? का मी अजून थांबू?” तो म्हणाला, “थांबा काकी, शेवटची ओळ जमंना.” त्यावर त्या पदर तोंडाला लावून हसल्या, आणि मग चहा टाकायला उठल्या.

त्या ओट्यामागे, दाराच्या आत डाव्या बाजूला, चपलांचे दोन जोड ठेवलेले असत. मुलांचे. दर सोमवारी सोजराबाई ते पुसून पुन्हा जागेवर ठेवीत. हनुमंताने ते अनेकदा पाहिले होते, विचारले नव्हते. एका सोमवारी पुसता पुसता त्या आपणहून बोलल्या. धाकट्याचा जोड थोरल्यापेक्षा बोटभर मोठा आहे, हे त्यांना दोघेही गेल्यावर कळले होते. “जित्तेपणी कधी ध्यानात आलं न्हाई. आता दर सोमवारी येतंय. आन् सांगायचं कुणाला? ह्ये बघ, मालक मीटिंगला.” एवढे बोलून त्यांनी जोड ठेवला.

पौषात सोजराबाई गेल्या. ताप आला, तीन दिवस राहिला, आणि उतरला तेव्हा त्या नव्हत्या. तिसऱ्या दिवशी हनुमंत वही घेऊन माझ्याकडे आला. तिच्यात पाने भरून काटछाट होती. शेवटी एक स्वच्छ पान होते, आणि त्यावर सात ओळी:

दारात चपलांचे दोन जोड.
दर सोमवारी ती पुसायची.
धाकट्याचा जोड थोरल्यापेक्षा मोठा,
हे तिला पुसताना कळायचं.
सांगावं कुणाला, तर घरधनी मीटिंगला.
आज सोमवार आहे.
चपला पुसायच्या राहिल्यात.

मी ती वाचली, बोट उचलून, ओळीओळीला थांबून. तीत नाव नव्हते, आणि तरी तीत दुसऱ्या कोणाला बसविता आले नसते. पाचव्या ओळीवर मी थांबलो. ही ओळ हौसरावांसमोर, त्यांच्या सगळ्या सभासदांसमोर, ध्वनिक्षेपकावरून म्हटली जाणार होती. आमच्या शास्त्रात औचित्य नावाचा एक मोठा विचार आहे. निर्दोष रचनाही अस्थानी आली तर घाव करते, हे मी आयुष्यभर शिकविले. ती ओळ काढा, असे एक वाक्य मी म्हणायला हवे होते. पण ओळ काढली की कविता मरत होती, आणि मी त्या घटकेला शिक्षक नव्हतो. मी केवळ रसिक होतो. मी म्हणालो, “एक अक्षरही बदलू नका.”

दशक्रिया सोमवारी आली; मीही गेलो होतो. घाटावर कडक थंडी; नदीवर धुके. हौसरावांच्या पत्नीची दशक्रिया, त्यामुळे गर्दी मोठी, गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत. हौसरावांनी निवेदनासाठी पृथ्वीराजला सांगितले होते. पण हनुमंत त्याच्याकडे जाऊन म्हणाला, “मला फकस्त येक मिनिट दे. काकीला शब्द दिलाय.” पृथ्वीराज वाईट माणूस नव्हे. दोन भाषणांच्या मध्ये त्याने माईक पुढे केला.

हनुमंत हलक्या आवाजात बोलला. माळावरचा आवाज त्याने वापरला नाही. मागच्या लोकांना नीट ऐकूही गेले नसावे. तो प्रत्येक ओळीनंतर थांबत होता, आणि त्याचे उजवे बोट नकळत उचलले जात होते. चौथ्या ओळीपर्यंत बायकांची कुजबुज थांबली. पाचवी ओळ झाली. तिच्या पाठोपाठची शांतता मी अद्याप विसरलेलो नाही. तिच्यात जे आले ते सगळ्यांनी एकदम पाहिले, आणि सगळ्यांच्या माना पुढच्या रांगेकडे वळल्या.

हौसराव पांढऱ्या उपरण्यात बसले होते. डोक्याचे नुकतेच क्षौर झालेले. हनुमंताने उरलेल्या दोन ओळी म्हटल्या. हौसराव त्याच्याकडे न पाहता पृथ्वीराजला म्हणाले, “पुढचं नाव घ्या.”

पुढचे नाव घेतले गेले. इच्छुक उमेदवारांनी सोजरामातेच्या त्यागाविषयी सहा मिनिटे सांगितले. कावळा बसायला दुपार झाली.

“भर घाटावर चेअरमनला चपला दाखवल्या,” असे गावात त्याच संध्याकाळी बोलले जाऊ लागले, आणि त्यावर पुष्कळ हसलेही गेले. हौसरावांच्या विरोधी गटातल्या एकाने हनुमंताच्या पाठीवर थाप मारून म्हटले, “लई भारी हाणला गड्या. आमच्या सभेला यी.” हनुमंताला ती थाप घाटावरच्या शांततेपेक्षा जास्त लागली. कवितेत त्याने कोणाला हाणले नव्हते. त्याने एका बाईचे एकटेपण सांगितले होते. आणि ते ज्याच्यामुळे होते तो माणूसही त्या सकाळी एकटाच झालेला होता, हे त्याला बोलून झाल्यावर दिसले.

पुढच्या सोमवारी तो हौसरावांच्या घरी गेला. क्षमा मागायची होती, की चपला पुसायच्या होत्या, हे त्याने मला नीट सांगितले नाही. दार उघडे होते. डाव्या बाजूला जागा रिकामी होती. फरशीवर दोन जोडांचे उजळ ठसे तेवढे राहिले होते. हौसराव आतून आले. त्यांनी हनुमंताच्या नजरेचा रोख पाहिला.

“न्हाईत आता,” ते म्हणाले. “तू सगळ्या गावाला दावल्यास. मंग ठिवून काय करू?”

हनुमंत परत आला. त्या गुरुवारी तो माझ्यासमोर बसून म्हणाला, “सर, नऊ-धा वर्सं त्या चपला तिथं व्हत्या. माझ्या कवितेनं आठ दिसांत घालवल्या.” माझ्यापाशी त्यावर श्लोक नव्हता. असता तरी मी म्हटला नसता.

त्यानंतर त्याला निवेदनाला कोणी बोलाविले नाही, आणि त्यालाही जावेसे वाटले नाही. लिहिणेही थांबले. वाचणे मात्र त्याने सोडले नाही. तो येई, एखादे पान उघडून बसे, बोट उचली, खाली ठेवी, आणि संध्याकाळी निघून जाई. मी कधी कधी त्याच्याकडे पाहून विचार करी, की ज्या दिवशी हा पन्नास कविता मागायला आला, त्या दिवशी मी पन्नास दिल्या असत्या तर.

तीन वर्षांनी, ऐन उन्हाळ्यात, कंपनीच्या दारातच त्याला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. जीव वाचला. सुषमाचे माहेर केडगावचे; तिने त्याला तिथे भावाच्या आसऱ्याला नेले, कारण मुलगी प्रगती तिथून रेल्वेने दौंडच्या महाविद्यालयात जाऊ शकत होती. मी महिन्यातून एकदा केडगावला जात असे. रुळांच्या पलीकडची पत्र्याची खोली, खाटेवर हनुमंत. डोळे पूर्वीचेच. तोंडातून एकच ध्वनी निघे, आणि तो कोणत्याही शब्दासारखा नसे.

प्रगती संध्याकाळी त्याला वाचून दाखवी. पहिल्यांदा ती भराभर वाचत गेली तेव्हा त्याने डावे बोट उचलले. तिला वाटले, पाणी हवे आहे. पाणी नको होते. तिने पुन्हा वाचले. पुन्हा त्याच जागी बोट वर. सुषमा चुलीपुढून म्हणाली, “अगं, थांब म्हणतोय त्यो. ओळ संपली की थांबायचं. सरांनी लावलेलं खूळ हाय.” त्यानंतर प्रगती थांबू लागली. मी गेलो की ती माझ्यासमोर वाचे, आणि आम्ही तिघे त्या बोटाकडे पाहत असू. घाटावर शेकडो माणसांना रडविणाऱ्या त्या आवाजाचे एवढेच शिल्लक होते: ओळ कुठे संपते, हे सांगणारे डाव्या हाताचे एक बोट. सहा महिने हे चालले. कार्तिकात दुसरा झटका आला आणि तो गेला. पन्नाशीही झाली नव्हती.

दशक्रिया कवठ्याला, त्याच घाटावर. हौसराव आले होते. वय झाले होते, काठी होती. तरी पहिले भाषण त्यांचेच झाले. “हनुमंत आमच्या घरातलाच,” ते म्हणाले, आणि थोडा वेळ काठीवर हात ठेवून उभे राहिले. पुढे त्यांना काही बोलायचे असावे. पण मागे दुसरे वक्ते उठून उभे राहिले होते, आणि ते बसले. त्यानंतर आणखी पाच जण बोलले. मग वेळेअभावी उरलेल्या सर्वांनी श्रद्धांजली वाहिली असे समजण्यात यावे, अशी घोषणा झाली. त्या उरलेल्यांत मी होतो.

निवेदक पृथ्वीराज. ध्वनिक्षेपकाचा संच हनुमंताचाच; आजारपणात सुषमाने तो त्याला विकला होता. पृथ्वीराजला हनुमंताविषयी खरोखर आदर होता, आणि त्या आदरापोटीच त्याने म्हटले, “ज्यांनी ही चारोळी घराघरांत पोचवली, त्यांना त्यांच्याच शब्दांत.” मग त्याने हनुमंताचे नाव घेतले, क्षणभर थांबला, आणि आवाज सोडला:

फूल गळाले, वेल उभी ती,
वारा नुसता वाहत आहे…

बायकांतून हुंदका आला. मी प्रगतीकडे पाहिले. ती आईला धरून बसली होती. दुसऱ्या ओळीच्या शेवटी तिचे बोट गुडघ्यावरून किंचित उचलले गेले. पृथ्वीराज थांबला नाही. त्याने शेवटचा ‘आहे’ लांबविला, अगदी हनुमंत लांबवीत असे तितकाच. कावळा लगेच बसला.

वही प्रगतीपाशी आहे. तिच्यात पुरी झालेली कविता एकच आहे, आणि ती घाटावर पुन्हा कोणी म्हटलेली नाही. ती चारोळी मात्र शिरूर आणि दौंड तालुक्यांत अजून म्हटली जाते.